फोड एकीकडे, झीज दुसरीकडे

माझ्या एका मित्राकडे पन्नाशी उलटलेली गाडी आहे आणि तो तिला घरच्या माणसासारखं जपतो. एका रविवारी त्याचा फोन आला. "पेट्रोलच्या झाकणापाशी रंगाला बारीकसा फोड आलाय, जरा बघून जा." फोड मसुरीएवढा होता. नख लावल्यावर रंगाचा पोपडा सुटला आणि खाली विटकरी भुकटी दिसली. इथवर काही विशेष नव्हतं. मग मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने आजूबाजूला टकटक केली. फोडाशेजारचा पत्रा खणखणीत वाजत होता. तीन बोटं खाली, रंग अगदी तुळतुळीत असलेल्या जागी, आवाज बद्द आला. तिथे टोक टेकवून थोडं दाबलं तर ते सरळ आत गेलं.

"अरे, पण तिथे तर गंज दिसतच नव्हता!" मित्र म्हणाला.

त्याला वाईट वाटलं, आणि मला (खोटं कशाला बोलू) आनंद झाला. कारण गंजाबद्दल मला सर्वांत आवडणारी गोष्ट या एका वाक्यात आहे. गंज दिसतो ती जागा आणि लोखंड झिजतं ती जागा, या बहुधा दोन वेगळ्या जागा असतात.

याच ठिकाणी दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात पुट्टी भरून वर रंग मारला होता. "हवाबंद करून टाकलंय, आता काळजी नको," असं तेव्हा सांगण्यात आलं होतं. ते सांगणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, आपण सगळे शाळेत हेच शिकलो. तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे. एकीत पाणी आणि हवा दोन्ही, दुसरीत उकळून हवा घालवलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा. पहिल्याच नळीतला खिळा गंजतो. प्रयोग शंभर टक्के बरोबर आहे. पण त्यातून डोक्यात बसतं ते असं, की जिथे ऑक्सिजन कमी तिथे गंज कमी. संपूर्ण खिळ्याभोवती ऑक्सिजन सारखाच असेल तर हे खरं. एकाच पत्र्याच्या एका भागाला ऑक्सिजन भरपूर आणि दुसऱ्या भागाला अपुरा मिळू लागला, की नेमकं उलटं होतं. उपाशी भाग झिजतो.

हे डोळ्यांनी दाखवणारा एक देखणा प्रयोग केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात केला. घासून लख्ख केलेल्या पोलादी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात आधी दोन रंगदर्शक मिसळायचे. पोटॅशियम फेरिसायनाइड, म्हणजे लोखंडाचे आयन सुटले की तिथे निळा रंग येतो. आणि फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे अल्क तयार झाला की गुलाबी. सुरुवातीला थेंबभर निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात, कसलीच शिस्त नसते. थोड्या वेळाने मात्र चित्र आवरलं जातं. निळा रंग मध्यभागी गोळा होतो, गुलाबी कडेला सरकतो आणि दोघांच्या मधल्या पट्ट्यात तपकिरी कडं धरू लागतं. तो गंज.

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे चटकन पोचतो. मध्यभागी थर जाड, तिथला ऑक्सिजन लवकर संपतो आणि नवा यायला वेळ लागतो. मध्यावरचे लोखंडाचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडे धावतात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून अल्क तयार करतात. म्हणजे ऑक्सिजन एका जागी खर्च होतो आणि त्याचं बिल दुसऱ्या जागच्या लोखंडावर फाटतं. विरघळलेलं लोखंड पाण्यातून भटकत ऑक्सिजन असलेल्या भागाकडे आलं, की आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून तपकिरी साका होऊन खाली बसतं. म्हणून तपकिरी कडं निळ्या-गुलाबीच्या मधल्या पट्ट्यात, आणि खड्डा मात्र निळ्या जागेत.

आता थेंबाच्या जागी गाडीच्या पत्र्यांची घडी ठेवा. पेट्रोलच्या तोंडाभोवती बऱ्याच जुन्या गाड्यांत एक वाटीसारखा खोलगट भाग असतो. तो बाहेरच्या पत्र्याला स्पॉट वेल्डच्या टाक्यांनी जोडलेला असतो. दोन टाक्यांच्या मध्ये पत्रे एकमेकांवर नुसते टेकलेले, त्यांच्यामधली फट केसाएवढी. पाणी केशाकर्षणाने या फटीत शिरतं आणि मुक्काम ठोकतं. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, आत खोलवर जवळजवळ नाही. थेंबाचा मध्य आणि थेंबाची कड, फक्त उभी करून ठेवलेली.

पुढची पायरी आणखी वाईट आहे, आणि इथे जरा रसायनशास्त्र सहन करावं लागेल. फटीत लोखंडाचे धन आयन साठत गेले की विद्युतभाराचा तोल सांभाळायला बाहेरून ऋण आयन आत ओढले जातात. त्यात मुख्य क्लोराइड, म्हणजे मिठाचा अर्धा भाग. आत लोखंडाच्या आयनांची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होतं. आम्ल आणि क्लोराइड मिळून लोखंड आणखी विरघळवतात, त्यामुळे आणखी क्लोराइड आत येतं. हे चक्र स्वतःच स्वतःला गती देतं. बाहेर साधं पाणी असलं तरी फटीतलं पाणी बऱ्यापैकी आंबट असू शकतं.

किती वेगाने? एका चौरस सेंटिमीटरवरून एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, एवढा प्रवाह वर्षभर वाहिला तर लोखंडाची सुमारे ०.०१२ मिलिमीटर जाडी जाते. ऐकायला काहीच नाही. पण क्षेत्रफळांचं प्रमाण बघा. फटीबाहेर उजेडातल्या दहा चौरस सेंटिमीटरवर एकेक मायक्रोअँपिअरचा व्यवहार चालू असेल, तर त्या सगळ्याचा भरणा फटीत अंधारातल्या एका चौरस सेंटिमीटरला करावा लागतो. तिथे दरसाल ०.१२ मिलिमीटर. पत्रा ०.९ मिलिमीटरचा असेल तर साडेसात वर्षांत आरपार भोक. शिवाय गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट, पाणी धरून कित्येक पट होतं. त्यामुळे दोन टाक्यांमधले पत्रे फाकतात, फट रुंदावते, आणखी चिखल आत बसतो.

पेट्रोलचा यात हात किती? थेट जवळजवळ नाही. पेट्रोल विजेचं वाहक नाही, त्यामुळे शुद्ध पेट्रोलमध्ये ही आयनांची ये-जा चालतच नाही. पण ते आडून मदत करतं. सांडलेलं पेट्रोल जुना रंग मऊ करतं, रबराचा कडा फुगवतं, कडक करतं, तडकवतं. उडून जाताना पत्रा गार करतं, आणि दमट हवेत गार पत्र्यावर दव धरतं. इथेनॉल मिसळलेलं इंधन हवेतली ओल शोषून घेतं. त्यात नोझलच्या धातूचे ओरखडे येतात, आणि वाटीत साचलेलं पाणी बाहेर नेणारी बारीक नळी पाला-मातीने तुंबते. गाडी बनवणाऱ्याने ही निचऱ्याची नळी विचार करूनच दिलेली असते. ती असते हेच पुष्कळ मालकांना माहीत नसतं.

मग पुट्टीखालचा गंज हवाबंद होऊन थांबला का नाही? पहिलं कारण वर आलंच, ऑक्सिजन शेजारी पोचला तरी पुरतो. शिवाय साधी पुट्टी सच्छिद्र असते, ती ओल धरते. आणि तिसरं कारण पुन्हा इव्हान्स यांनीच दाखवलं. गंज स्वतःच ऑक्सिजनची जागा घेऊ शकतो. ओला असताना गंजाचा थर खालच्या लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि काळपट मॅग्नेटाइटकडे (लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडकडे) झुकतो. वाळताना हवा लागली की परत तपकिरी होतो, पुढच्या ओलीसाठी तयार. म्हणजे पत्र्यावर गंज शिल्लक ठेवून रंग मारणं हे भरलेली बॅटरी आत ठेवून झाकण लावण्यासारखं आहे.

बॅटरीवरून आठवलं. गाडीच्या बॅटरीला जोडायची एक छोटी डबी विकतात. ती म्हणे सगळ्या गाडीला 'इलेक्ट्रॉन पुरवते' आणि गंज कायमचा बंद. यातली अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती खपते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या आवरणाला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडून आवरण वाचवता येतं हे दाखवलं. आज जहाजं आणि जमिनीखालच्या पाइपलाइन याच तत्त्वाने टिकतात. पण जहाज समुद्रात बुडालेलं असतं आणि पाइप ओल्या मातीत. आयनांना एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला सलग ओला रस्ता असतो. गाडीवर सुटे थेंब असतात. डबीपासून पेट्रोलच्या झाकणापर्यंत तार आहे, पाणी नाही, त्यामुळे मंडल पूर्णच होत नाही. पत्र्यावर जस्ताचा मुलामा मात्र खरंच काम करतो, कारण ओरखड्यावर पडलेल्या त्याच थेंबाखाली लोखंडही असतं आणि जस्तही.

आता दुरुस्ती. वेल्डिंगच्या आधी पेट्रोल. टाकी आणि तिचं नळकांडं दोन्ही गाडीवरून उतरवून लांब ठेवायची, यात तडजोड नाही. 'टाकी रिकामीच आहे' हे वाक्य सर्वांत धोक्याचं. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने भडका उडतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचं आयतं मिश्रण असतं. ही वाफ हवेहून जड, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचून राहते. ग्राइंडरची ठिणगीसुद्धा पुरते.

मग कापायचं कुठवर? दिसणाऱ्या फोडापुरतं नाही, एवढं आता पटलं असेल. रंग उघड्या पत्र्यापर्यंत काढायचा, ठोकून आवाज ऐकायचा, आतून टॉर्चचा उजेड टाकायचा. सुईच्या टोकाएवढी उजेडाची छिद्रं दिसतात तो भाग तर गेलाच, त्याच्या पलीकडे पत्रा पूर्ण जाडीचा लागेपर्यंत सरकत राहायचं. मित्राच्या गाडीत मसुरीएवढ्या फोडाचा तुकडा शेवटी तळहाताएवढा झाला.

नवा तुकडा पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून कापायचा, पत्रा शक्यतो मूळ जाडीचाच. तो जुन्या पत्र्यावर चढवून जोडणं सोपं, पण असं केलं की आपणच एक नवी फट तयार करून देतो. म्हणून कडेला कड भिडवून जोडायचं. एका दमात ओढलेल्या वेल्डने पातळ पत्रा तापून वाकडा होतो. दोन-तीन सेंटिमीटरवर एकेक टाका, गार होऊ द्यायचं, मग समोरच्या बाजूचा टाका. कंटाळवाणं काम आहे. वेल्डच्या उष्णतेने पत्र्याची मागची बाजू उघडी पडते आणि ती नजरेआड असल्याने विसरली जाते. तिथे आतून इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीलंट, आणि सगळ्यात शेवटी पोकळीत फवारायचं मेण.

खड्ड्यांमध्ये अडकलेला गंज पूर्ण निघत नाही, तेव्हा 'रस्ट कन्व्हर्टर' वापरतात. त्यातल्या काहींमध्ये टॅनिक आम्ल असतं. ते लावल्यावर तपकिरी पत्रा बघता बघता निळसर काळा होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई ज्या रसायनाने काळी होते, तेच इथे पत्र्यावर तयार होतं. बघायला मजा येते. पण हे फक्त घट्ट चिकटलेल्या पातळ थरावर चालतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर वरचा थर शाई होतो आणि खालचा आपलं काम चालू ठेवतो. खड्ड्याच्या तळाशी बसलेल्या क्लोराइडला तर ते हातही लावत नाही. त्यासाठी आधी वायर ब्रश, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं आणि लगेच पूर्ण वाळवणं, हाच उपाय. गंज घालवायला पाणी, हे मित्राला काही केल्या पटेना.

रंग वाळल्यावर, रबराचा नवा कडा बसवायच्या आधी, आम्ही वाटीत ग्लासभर पाणी ओतलं. ते तसंच राहिलं. मित्राने निचऱ्याच्या नळीत खालून तार घातली, दोनदा फिरवली. आधी काळा चिखल आला, मग एक कुजलेलं पान, आणि मग मागच्या चाकाशेजारी पाण्याची बारीक धार लागली.