इमोजेन नावाचं म्युटेशन

एखादं नाव अचानक सगळीकडे ऐकू यायला लागलं की आपण लगेच कारण शोधतो. सिरियल आली असेल, कुठल्यातरी हिरोइनने मुलीचं ठेवलं असेल, अर्थ छान असेल. आणि कारण सापडतंच, कारण मागे वळून बघितलं की कुठल्याही गोष्टीला काहीतरी कारण चिकटवता येतं. पण नाव वाढलं म्हणजे त्यामागे कारण असणारच ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे दाखवणारं गणित इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्यासाठी एक इंग्रजी नाव घेऊ, इमोजेन.

आपल्याकडे हे नाव फार कुणाच्या कानावरून गेलेलं नसतं. गाणी ऐकणाऱ्यांना ब्रिटिश गायिका इमोजेन हीप माहीत असेल, फोटोग्राफीवाल्यांना अमेरिकेची इमोजेन कनिंगहॅम. इंग्लंडमध्ये मुलींच्या पहिल्या शंभर नावांत ते बरीच वर्षं होतं, अमेरिकेत मात्र तुरळक. दोन्हीकडे भाषा तीच, शेक्सपिअर तोच, तरी असं.

शेक्सपिअर मध्ये आला कारण हे नाव त्याच्या सिम्बेलिन नाटकातल्या राजकन्येचं. नाटक छापलं गेलं 1623 साली, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, फर्स्ट फोलिओ म्हणतात त्या मोठ्या पुस्तकात. त्यात नाव इमोजेन आहे. पण 1611 साली हे नाटक रंगमंचावर बघितलेल्या सायमन फोरमन नावाच्या माणसाने आपल्या टिपणवहीत नायिकेचं नाव इनोजेन लिहिलंय. इनोजेन हे नाव ब्रिटनच्या जुन्या दंतकथांमध्ये आधीपासून होतं, ब्रूटस या पहिल्या राजाच्या बायकोचं. अजून एक पुरावा मला फार आवडतो. शेक्सपिअरनेच आधी लिहिलेल्या एका नाटकाच्या 1600 सालच्या प्रतीत लिओनाटो नावाच्या पात्राची बायको इनोजेन म्हणून रंगसूचनेत येते, एक वाक्यही बोलत नाही आणि गायब होते. आणि सिम्बेलिनमध्ये नायकाचं नाव काय, तर लिओनाटस! म्हणजे लेखकाच्या डोक्यात ही जोडी आधीच बसलेली होती.

मग इनोजेनचं इमोजेन कसं झालं? त्या काळच्या हस्तलिखितात एन म्हणजे दोन उभ्या काड्या आणि एम म्हणजे तीन. इनोजेनच्या स्पेलिंगमध्ये (Innogen) दोन एन शेजारी येतात, म्हणजे चार काड्यांची रांग होते. प्रत उतरवणाऱ्याने किंवा खिळे जुळवणाऱ्याने एक काडी कमी मोजली की झालं इमोजेन. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही, काहींच्या मते शेक्सपिअरनेच नाव बदललं असेल, पण मला ही चूकच होती याचा पुरावा जास्त भक्कम वाटतो.

नक्कल करताना झालेली चूक याला जीवशास्त्रात म्युटेशन म्हणतात. डीएनएची कॉपी होताना एक अक्षर बदलतं तसंच हे. आणि इथून खरा प्रश्न सुरू होतो, की नवीन म्युटेशनचं पुढे होतं काय?

गंमत म्हणजे हा प्रश्न आधी जनुकांबद्दल नव्हे, नावांबद्दलच विचारला गेला होता. 1873 साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एज्युकेशनल टाइम्स नावाच्या नियतकालिकात कोडं टाकलं की मोठमोठ्या घराण्यांची आडनावं नामशेष होताना दिसतात, ते घराणं कमजोर झाल्यामुळे की निव्वळ योगायोगाने? उत्तर काढलं हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने. आपण तेच गणित पहिल्या नावाला लावू.

समजा एका मुलीचं नाव अगदी नवीन आहे. पुढच्या पिढीत आईबाप नावं निवडताना आजूबाजूला ऐकलेल्यातलं कुठलंही एक उचलतात, कुठलंही नाव जास्त चांगलं किंवा वाईट नाही असं धरू, आणि एकूण मुलींची संख्याही तेवढीच राहते असं धरू. म्हणजे प्रत्येक नावधारी मुलीमागे पुढच्या पिढीत सरासरी एक मुलगी. पण सरासरी एक म्हणजे नेमकी एक नाही. हिशोब केला तर 37 टक्के वेळा एकही मुलगी मिळत नाही, 37 टक्के वेळा एक, 18 टक्के वेळा दोन आणि उरलेल्या 8 टक्के वेळा तीन किंवा जास्त. म्हणजे नवीन नाव एका पिढीतच मरण्याची शक्यता 37 टक्के, त्यात नावाचा काहीही दोष नसताना.

पुढच्या पिढ्यांचा हिशोब करायला एक सोपी युक्ती आहे. नाव नामशेष होणं म्हणजे पहिल्या मुलीकडून ज्या ज्या मुलींकडे ते गेलं त्या प्रत्येकीची शाखा एक पिढी कमी वेळात नामशेष होणं. म्हणून आत्तापर्यंतची नामशेष होण्याची शक्यता घ्यायची, त्यातून एक वजा करायचा आणि ई या संख्येचा, म्हणजे 2.718 चा, तेवढा घात काढायचा, की पुढच्या पिढीपर्यंतची शक्यता मिळते. शून्यापासून सुरू करून कॅल्क्युलेटरवर करून बघा, 37 टक्के, मग 53, मग 63, 69, 73, आणि दहाव्या पिढीला 84. हा आकडा हळूहळू 100 कडे सरकत राहतो. वॉटसनने यावरून ठरवलं की सगळीच आडनावं शेवटी जाणार आणि तिथे तो चुकला, कारण सरासरी एकपेक्षा जास्त असेल तर या समीकरणाला एकपेक्षा लहान असं दुसरं उत्तरही असतं आणि खरं उत्तर तेच असतं, जे फ्रान्समध्ये बिएनेमे या गणितज्ञाला 1845 सालीच कळलेलं होतं. तिथेही दिलासा थोडाच आहे बरं का. नावात 5 टक्के जास्त आकर्षण असलं, म्हणजे सरासरी 1.05, तरी एका मुलीपासून सुरू झालेलं नाव कायम टिकण्याची शक्यता जेमतेम 9-10 टक्के. टिकण्याची शक्यता जादा आकर्षणाच्या साधारण दुप्पट असते हे सूत्र जीवशास्त्रज्ञ हॉल्डेनने 1927 साली जनुकांसाठी मांडलं, आणि 1944 साली लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेत हॉकिन्स आणि उलाम यांनी हेच शाखांचं गणित न्यूट्रॉनच्या साखळी अभिक्रियेसाठी वापरलं. आडनावापासून अणुबॉम्बपर्यंत एकच समीकरण!

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण सरासरी एकच धरली होती, आकर्षण शून्य. दहा पिढ्यांनंतर 84 टक्के नवीन नावं मेली. पण सगळी मिळून सरासरी तर एकावरच राहायला हवी, मग उरलेल्या 16 टक्के नावांची सरासरी किती? साधारण सहा. म्हणजे जी नावं टिकलेली दिसतात ती सहापटीने वाढलेलीही दिसतात, आणि त्यांच्यात खास असं काहीच नसतं. आपण फक्त वाचलेल्यांकडे बघतो आणि म्हणतो, बघा, या नावात काहीतरी आहे.

2003 साली हान आणि बेंटली यांनी विसाव्या शतकातल्या अमेरिकी नावांवर हे तपासलं. नक्कल अधिक थोडी नवनिर्मिती एवढ्याच नियमावर चालणारं मॉडेल घेतलं, तर थोडी नावं प्रचंड कॉमन आणि ढीगभर नावं दुर्मिळ अशी जी वाटणी खऱ्या यादीत दिसते ती मॉडेलमधूनही निघाली. जनुकांच्या भाषेत हा ड्रिफ्ट, म्हणजे निव्वळ योगायोगाने होत जाणारा बदल.

अर्थात हे पूर्ण सत्य नाही. 2022 साली न्यूबेरी आणि प्लॉटकिन यांनी मोजलं की दहा हजारांत एक इतकं दुर्मिळ नाव सरासरी वर्षाला 1.4 टक्क्यांनी वाढतं आणि शंभरात एकपेक्षा जास्त कॉमन झालेलं नाव वर्षाला 1.6 टक्क्यांनी घटतं. वेगळेपणाची ओढ म्हणतो ती हीच. पण 1.4 टक्क्यांनी दुप्पट व्हायला 50 वर्षं लागतात, त्यामुळे एखाद्या छोट्या नावाच्या बाबतीत दोन-चार वर्षांत जे वरखाली होतं त्यात योगायोगाचा वाटा मोठाच राहणार.

इमोजेनला मात्र एक सोय होती जी जनुकाला सहसा नसते. ते एका मुलीपासून सुरू झालंच नाही, ते छापील पुस्तकात होतं. फर्स्ट फोलिओच्या साधारण 750 प्रती निघाल्या असा अंदाज आहे, पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या. गावात एकही इमोजेन नसली तरी नाव मेलं असं होत नाही, ते बियाण्यांच्या बँकेसारखं पुस्तकात पडून राहतं. व्हिक्टोरियन लोकांना ही नायिका फार आवडायची, 1896 साली अभिनेत्री एलन टेरीने लंडनला ही भूमिका केली, 1907 साली संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या मुलीचं नाव इमोजेन ठेवलं गेलं. अमेरिकेत दरम्यान आणखी एक म्युटेशन झालेलं होतं, स्पेलिंगच्या शेवटी एक जादा ई लागून इमोजीन. कॉमेडी करणारी इमोजीन कोका 1908 ची. ही शाखा तिकडे 1920 च्या आसपास चांगली फोफावली आणि शतकाच्या मध्यानंतर ओसरली, ब्रिटनमध्ये मूळचं रूप नंतर वर आलं. एकाच जातीचे पक्षी दोन बेटांवर वेगळे होत जातात त्याला जी दोन कारणं पुरतात, वेगळी सुरुवात आणि वेगळा योगायोग, ती इथेही बऱ्यापैकी पुरतात.

यातल्या जादा ई वरून सांगावंसं वाटतं. आपल्याकडे अंकशास्त्रवाले पैसे घेऊन इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ए किंवा ई घालून देतात, म्हणे नशीब पालटतं. अक्षर वाढल्याने नाव बदलतं, माणसाचं काहीच बदलत नाही. फोरमन स्वतः त्या काळातला नावाजलेला ज्योतिषी होता, लोक भविष्य विचारायला त्याच्याकडे गर्दी करायचे. आज त्याचं एकही भाकीत कुणाच्या उपयोगाचं नाही. त्याने डोळ्यांनी बघून वहीत उतरवलेलं एक नाव मात्र पुरावा म्हणून अजून वापरलं जातं, आणि 1986 च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत संपादकांनी नायिकेचं नाव परत इनोजेन केलं त्यात त्या नोंदीचाही वाटा आहे.

हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या 1880 पासूनच्या नावांच्या याद्या फुकट मिळतात. फक्त एक लक्षात ठेवा, वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव गोपनीयतेसाठी यादीत येत नाही, इंग्लंड-वेल्सच्या यादीत ही मर्यादा तीन आहे. म्हणजे पहिल्या पिढीत मरणारी ती 37 टक्के नावं यादीत कधी चढतच नाहीत. त्यामुळे यशस्वी नावांची यादी समोर ठेवून कुणी यशाचं रहस्य सांगायला लागलं, की न चढलेल्या नावांचं काय झालं ते आधी विचारा.