इलेक्ट्रॉन समचुंबकीय अनुस्पंदन : उत्प्रेरक नॅनोपदार्थांचा अभ्यास

अयुग्मित, म्हणजे जोडी न जुळलेला, इलेक्ट्रॉन असलेले अणू, आयन व मुक्त मूलक ओळखण्याची वर्णपटीय पद्धत. तिला ‘ईपीआर’ (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स) किंवा ‘ईएसआर’ (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) म्हणतात. बेळगावात ईएसआर म्हटले की आधी रक्ततपासणी आठवते, म्हणून येथे ईपीआर हीच संज्ञा वापरली आहे.

शोधाचे श्रेय रशियातील कझान येथील भौतिकशास्त्रज्ञ येवगेनी झवोइस्की यांना देतात. वर्षाबाबत ग्रंथांत एकवाक्यता नाही. त्यांचे निरीक्षण व प्रबंध १९४४चे, तर लेख १९४५ मध्ये छापला गेला, त्यामुळे दोन्ही वर्षे आढळतात. १९४१च्या सुमारास त्यांना अणुकेंद्रीय अनुस्पंदनाचीही (एनएमआर) चिन्हे दिसली होती, पण ती खात्रीने पुन्हा मिळाली नाहीत, असे सांगतात. अमेरिकेत क्युमेरो व हॅलिडे यांचे स्वतंत्र काम १९४६चे. निरीक्षणाचे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक असल्याने १९४४ ग्राह्य मानावे.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाच्या (स्पिनच्या) दोन ऊर्जापातळ्या वेगळ्या होतात आणि सूक्ष्मतरंग शोषून तो खालून वर जातो. सुमारे ९.५ गिगाहर्ट्झला हे क्षेत्र ०.३४ टेस्लाच्या आसपास येते. रेषा (शोषणाची खूण) कुठे पडते ते ‘जी’ या गुणकाने सांगतात; मुक्त इलेक्ट्रॉनाचा ‘जी’ गुणक २.००२३ असतो, त्यापासूनचे अंतर इलेक्ट्रॉनाचा शेजार सांगते.

उत्प्रेरकात, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थात, खरे काम पृष्ठभागावरच्या मोजक्या जागा करतात आणि नॅनोकणांत पृष्ठभागाचा वाटा मोठा असतो. टायटॅनियम डायऑक्साइडमधील चतुःसंयुजी टायटॅनियममध्ये अयुग्मित इलेक्ट्रॉन नसल्याने तो ईपीआरला दिसत नाही. एक इलेक्ट्रॉन मिळून तो त्रिसंयुजी झाला की जी २च्या खाली रेषा उमटते. सिरियम ऑक्साइडची जी १.९६७ व १.९४७ ही रेषांची जोडी पूर्वी सरसकट त्रिसंयुजी सिरियमची मानत. मात्र तो आयन इतक्या झपाट्याने शिथिल होतो (वरच्या पातळीतून खाली परततो) की सामान्य तापमानाला त्याची रेषा दिसणे अवघड. हा आक्षेप वजनदार आहे.

सर्वांत जास्त घोटाळा जी २.००३च्या रेषेचा. अनेक लेखांत ती दिसताच ‘ऑक्सिजनची रिक्त जागा’ (स्फटिकात ऑक्सिजन अणू नसलेली जागा) असे लिहून मोकळे होतात. परंतु जळालेल्या सेंद्रिय पदार्थातला कार्बनही तिथेच रेषा देतो. उसाच्या चिपाडाचा कोळसा नळीत भरून पाहिला तर २.००३जवळ एकच ठसठशीत रेषा मिळते. वनस्पतींच्या अर्कातून किंवा सायट्रिक आम्लातून नॅनोकण बनवण्याची रीत सोपी व स्वस्त म्हणून महाविद्यालयांत आवडीची आहे, आणि त्यात कार्बन हमखास मागे राहतो. म्हणून सेंद्रिय घटक न वापरता बनवलेला नमुना शेजारी मोजल्याशिवाय रिक्त जागेचा दावा करू नये.

प्रकाश-उत्प्रेरणात तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक फार अल्पजीवी असल्याने डीएमपीओसारखा सापळा, म्हणजे मूलकाला धरून टिकाऊ रूप देणारे संयुग, वापरतात. १:२:२:१ प्रमाणाच्या चार रेषा ही त्याची ओळख. पाण्यात सुपरऑक्साइड या दुसऱ्या मूलकाचे सापळ्यात अडकलेले रूपही मोडून हायड्रॉक्सिलचेच दिसू लागते, याचे भान हवे.

बेळगाव (२०१४पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर भागातला जांभा व बॉक्साइट या पद्धतीशी जवळून जोडलेले आहेत. बॉक्साइटपासून अॅल्युमिना मिळतो आणि अॅल्युमिना हा उत्प्रेरकांचा नेहमीचा आधार, म्हणजे उत्प्रेरक ज्यावर पसरवतात तो पदार्थ. त्यातील लोहाचा अंश जी ४.३ला डोके वर काढतो व पुष्कळदा उत्प्रेरकाचाच गुण समजला जातो. मँगनीज असल्यास सहा रेषांचा समूह उमटतो. नुसता आधार आधी मोजून घेतला तर ही चूक टळते.

सीमाभागातून नमुने मोजणीसाठी मुंबईच्या आयआयटीतील विश्लेषण केंद्रासारख्या ठिकाणी पाठवता येतात. पावसाळ्यात चूर्ण ओल धरते, आणि पाणी सूक्ष्मतरंग शोषत असल्याने संकेत क्षीण होतो. पृष्ठभागावरचा त्रिसंयुजी टायटॅनियम हवेतील ऑक्सिजनने वाटेतच नाहीसा होतो. म्हणून चूर्ण कोरडे करून, सुमारे चार मिलिमीटर व्यासाच्या क्वार्ट्‌झ नळीत भरून, हवा काढून, नळीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद करावे. साधी काच चालत नाही. तिच्यातले लोहही ४.३लाच दिसते.