सुईचं नेढं म्हणजे जेरुसलेमचा दरवाजा नव्हे

‘श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं,’ असं येशू म्हणाला. त्यावर हमखास ऐकू येणारा खुलासा असा: जेरुसलेमला ‘सुईचं नेढं’ नावाचा बुटका दरवाजा होता, ओझं उतरवून गुडघ्यांवर रांगत उंट त्यातून जाई. म्हणजे श्रीमंतांनी जरा नम्र व्हावं, की झालं!

पहिल्या शतकात असा दरवाजा असल्याचा एकही पुरावा नाही, ना उत्खननात, ना त्या काळच्या लिखाणात. ही गोष्ट मध्ययुगातल्या भाष्यांमधून पसरली. येशूचं हे वाक्य बायबलमधल्या मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत) येतं. मूळ ग्रीकमध्ये मत्तय आणि मार्क सुईसाठी एक शब्द वापरतात, लूक दुसरा. दोन्हींचा अर्थ शिवणाची सुई. बॅबिलोनी तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात तर सुईच्या नेढ्यातून हत्ती जाण्याची गोष्ट येते, तीही अशक्य म्हणूनच. (राजगड किल्ल्यावरच्या खडकातल्या नेढ्यातून माणूस आरपार जातो, पण ते नेढं वेगळं!)

शिवाय शिष्य थक्क होऊन विचारतात, ‘मग तारण कोणाचं होणार?’ रांगून जाता येण्याजोगा दरवाजा असता तर एवढं दचकायचं कारण काय? येशूचं उत्तरही ‘माणसांना हे अशक्य, देवाला नाही’ असं आहे. त्याआधीच त्याने एका धनिकाला सगळं विकून गरिबांना दे, स्वर्गात तुला धन मिळेल, असं सांगितलं होतं. तो खिन्न होऊन निघून गेला. लूकच्या पुढच्याच अध्यायात मात्र जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला उभा राहतो.