संपलेल्या गोष्टींना फुटलेले फाटे

‘मोआना’चा दुसरा भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये चित्रपटगृहांत आला आणि त्याने जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमवला. हा भाग मुळात डिस्नेच्या स्ट्रीमिंग सेवेसाठी मालिका म्हणून आखलेला होता आणि त्याचा चित्रपट करण्याचा निर्णय प्रदर्शनाच्या अवघे नऊ महिने आधी जाहीर झाला होता. पडद्यावर त्याचे सांधे दिसत राहतात. मुलांच्या ॲनिमेशनपटांचे पुढचे भाग गरज नसताना का निघतात, या आजच्या वैतागामागे मोठा इतिहास आहे आणि त्यात मालिकेचा चित्रपट करण्याची ही युक्तीही जुनीच आहे.

खुद्द वॉल्ट डिस्ने यांना पुढच्या भागांचे आकर्षण नव्हते. १९३३ मध्ये त्यांचा ‘थ्री लिटल पिग्ज’ हा लघुपट ऐन आर्थिक मंदीत विलक्षण लोकप्रिय झाला, तेव्हा वितरकांनी आणखी डुकरांची मागणी केली. १९३४, १९३६ आणि १९३९ मध्ये तसे तीन लघुपट निघाले, पण पहिल्याचे यश एकालाही लाभले नाही. डुकरांवर डुकरांनी मात करता येत नाही, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे. ‘स्नो व्हाइट’, ‘बॅम्बी’, ‘सिंड्रेला’ यांपैकी एकाचाही पुढचा भाग त्यांच्या हयातीत निघाला नाही. पुढे १९७७ च्या ‘द रेस्क्यूअर्स’चा दुसरा भाग कंपनीने १९९० मध्ये चित्रपटगृहांत आणला, तो देखणा होता, पण तिकीटबारीवर चालला नाही.

चित्र पालटले ते व्हिडिओ कॅसेटमुळे. ॲनिमेशनपटाची कॅसेट भाड्याने आणण्याऐवजी पालक ती विकत घेत, कारण लहान मूल एकच चित्रपट पुनःपुन्हा पाहते. मात्र प्रत्येक घरात ‘अलादीन’ पोहोचल्यावर त्या घराला पुढे काय विकायचे, हा प्रश्न उरत होता. मे १९९४ मध्ये आलेल्या ‘द रिटर्न ऑफ जाफर’ने त्याचे उत्तर दिले. ही कथा मुळात ‘अलादीन’च्या नियोजित दूरचित्रवाणी मालिकेची सुरुवात म्हणून तयार होत होती. तिचे ॲनिमेशन मालिकेच्या खर्चात झाले होते, जिनीला मूळ चित्रपटातील रॉबिन विल्यम्स यांचा आवाजही नव्हता, तरी तिच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याच वर्षी युनिव्हर्सल या दुसऱ्या स्टुडिओने ‘द लँड बिफोर टाइम’चा दुसरा भाग मूळ दिग्दर्शक डॉन ब्लुथ यांच्याविना थेट कॅसेटवर आणला आणि त्या मालिकेचे २०१६ पर्यंत एकूण चौदा भाग झाले.

त्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत डिस्नेचा क्वचितच एखादा गाजलेला चित्रपट यातून सुटला. २००२ चा ‘सिंड्रेला’चा दुसरा भाग म्हणजे तीन सुट्या गोष्टींची माळ होती, तर ‘अटलांटिस’चा दुसरा भाग रद्द झालेल्या मालिकेचे तीन भाग एकत्र करून बनवला गेला. माझ्या मते या काळातील सर्वांत बोलके उदाहरण ‘बॅम्बी’चे आहे. १९४२ च्या मूळ चित्रपटात आई गेल्यावर बाप पाडसाला एका वाक्यात ते सांगतो, दोघे बर्फातून चालत निघून जातात आणि कथा थेट वसंतात उघडते. मधल्या हिवाळ्याबद्दल काहीच न सांगणे हीच त्या चित्रपटाची ताकद आहे, कारण ते दुःख मुलांच्या मनात त्यांच्या त्यांच्या परीने भरून येते. चौसष्ट वर्षांनी, २००६ मध्ये, आलेला दुसरा भाग नेमक्या त्या मधल्या काळावर बेतलेला होता. त्याची रेखाटने सुरेख आहेत आणि चित्रकारांच्या कष्टांत खोट काढता येत नाही. पण जिथे मूळ कलावंतांनी विचारपूर्वक मौन पाळले होते, तिथेच तो बोलत राहतो.

याच व्यवस्थेतून एक अपवाद घडला. ‘टॉय स्टोरी’चा दुसरा भागही थेट कॅसेटसाठी सुरू झाला होता आणि १९९८ मध्ये तो चित्रपटगृहांसाठी करायचे ठरले. झालेले काम पुरेसे चांगले नाही, असे तो बनवणाऱ्या पिक्सार या स्टुडिओतील मंडळींना वाटले, तेव्हा त्यांनी कथा नव्याने मांडून सुमारे नऊ महिन्यांत चित्रपट पुन्हा उभा केला. त्याची किंमत कर्मचाऱ्यांनी हातांच्या आणि मनगटांच्या दुखण्यांनी मोजली. पुढचा भाग उत्तम होऊ शकतो याचा हा पुरावा सर्वांनी पाहिला, पण त्यासाठी झालेले काम बाजूला ठेवण्याची तयारी लागते, ही बाब फारशी कोणी उचलली नाही.

२००६ मध्ये डिस्नेने पिक्सार विकत घेतले. त्याआधी पिक्सारच्याच चित्रपटांचे पुढचे भाग पिक्सारविना काढण्यासाठी सुरू केलेला ‘सर्कल सेव्हन’ हा विभाग लगेच बंद झाला आणि २००७ मध्ये थेट व्हिडिओवर येणारे पुढचे भाग थांबवण्याचे ठरले. असे भाग बनवणारा डिस्नेचा विभाग, डिस्नेटून स्टुडिओज, मात्र पुढेही काम करत राहिला. ‘टिंकर बेल’ (२००८) आणि आधी घरगुती व्हिडिओसाठी आखलेला ‘प्लेन्स’ (२०१३) या त्याच्या चित्रपटांच्या ॲनिमेशनचे काम मुंबईच्या प्राण स्टुडिओजमध्ये झाले, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तेव्हाच्या पुढच्या भागांवर कितीही राग धरला, तरी ते दुकानातल्या फळीपुरते असत आणि चित्रपटगृह बहुतांशी नव्या कथेसाठी राखलेले असे. आजचा वैताग अधिक रास्त आहे, कारण ती सीमा पुसली गेली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी ‘टॉय स्टोरी’, ‘फ्रोझन’ आणि ‘झूटोपिया’ या तिन्हींचे पुढचे भाग एका दमात जाहीर केले. २०२४ मध्ये ‘इनसाइड आउट’च्या दुसऱ्या भागाने दीड अब्ज डॉलरचा टप्पा सहज ओलांडला, तर पुढच्याच वर्षी ‘एलिओ’ या पिक्सारच्या स्वतंत्र कथेला अमेरिकेत त्या स्टुडिओच्या इतिहासातील सर्वांत कमी पहिल्या आठवड्याअखेरचा गल्ला मिळाला. त्यामुळे स्टुडिओ कोणत्या कथेवर पैसे लावतील, हे सांगायला जाणकार लागत नाही. ‘टॉय स्टोरी’च्या २०१० च्या तिसऱ्या भागात अँडीने आपली खेळणी दुसऱ्या मुलीच्या हाती सोपवली होती आणि ती गोष्ट पूर्ण झाली होती, २०१९ मध्ये ती पुन्हा उघडली गेली आणि आता पाचव्या भागासाठी जून २०२६ चा मुहूर्त जाहीर झाला आहे.