नाळेतील एंडोथेलियल पेशींचे संवर्धन

रक्तवाहिन्यांना आतून एकेरी थराचे अस्तर असते. ते एंडोथेलियल पेशींचे बनलेले असते. नवजात बाळाच्या नाळेतील शिरेतून या पेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवतात. अशा पेशी जगभर ‘ह्युव्हेक’ (HUVEC, म्हणजे मानवी नाळेच्या शिरेतील एंडोथेलियल पेशी) या लघुनावाने ओळखल्या जातात. रक्तवाहिन्यांविषयीच्या आजच्या ज्ञानाचा मोठा भाग, एरवी प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या या नाळेतून आला आहे.

हे अस्तर म्हणजे रक्त आणि ऊतक यांच्यामधला निव्वळ पडदा, असे बराच काळ मानले जात होते. पेशी प्रयोगशाळेतील बशीत टिकत नसल्यामुळे त्या स्वतः काय तयार करतात, हे तपासणेही अवघड होते. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात एरिक जॅफे आणि सहकाऱ्यांनी नाळेतील पेशी वाढवून दाखवल्या. वाढलेल्या पेशी खरोखर अस्तराच्याच आहेत, हे सिद्ध करणे महत्त्वाचे होते. त्यांच्यात वायबेल-पलाडे कण सापडले. हे लांबट कण १९६४ मध्ये एंडोथेलियल पेशींमध्ये प्रथम वर्णिले गेले होते. रक्त गोठण्यासाठी लागणारा फॉन विलेब्रांड घटक या पेशी स्वतः बनवतात, हेही त्याच वर्षी जॅफे यांच्या गटाने दाखवले. पडद्याची कल्पना तिथेच मोडली.

पद्धत सोपी आहे, पण हात सराईत लागतो. आईच्या संमतीने घेतलेली नाळ थंड, निर्जंतुक द्रावणातून आणतात. चिमट्यांनी दबलेले भाग कापून टाकतात. नाळेत सहसा दोन रोहिण्या (धमन्या) आणि एक शीर असते. शीर रुंद आणि पातळ भिंतीची असल्याने चटकन ओळखू येते. तिच्यात नळी बसवून आतले रक्त धुऊन काढतात, मग पेशींना भिंतीपासून सोडवणारे कोलॅजिनेज हे विकर (एन्झाइम) भरून दोन्ही टोके बंद करतात आणि नाळ काही मिनिटे ३७° से. तापमानात ठेवतात. विकर जास्त वेळ राहिले तर भिंतीतल्या स्नायुपेशी आणि तंतुजनक पेशीही सुटून येतात आणि पुढे सगळी बशी व्यापतात. सुटलेल्या पेशी जिलेटिनचा लेप दिलेल्या बशीत पेरतात. दुसऱ्या दिवशी तांबड्या पेशी धुतल्या की खाली चिकटलेले छोटे पुंजके दिसतात. काही दिवसांत ते वाढून एकमेकांना भिडतात आणि दगडी फरसबंदीसारखा एकसंध थर तयार होतो. पेशी एकमेकींना टेकल्या की वाढ थांबते.

पुढची दोन दशके या क्षेत्रात फार फलदायी ठरली. १९७७ मध्ये संवर्धित पेशी रक्ताची गुठळी रोखणारे प्रोस्टासायक्लिन बनवतात, हे कळले. इंटरल्युकिन-१ हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन दिल्यावर पांढऱ्या पेशी याच अस्तराला चिकटू लागतात, हे १९८० च्या दशकात दिसले आणि दाहाची क्रिया समजू लागली. इतर प्राण्यांच्या पेशींनीही मोठे शोध दिले: डुकराच्या महारोहिणीतील संवर्धित पेशींमधून रक्तवाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो हे १९८७ मध्ये सिद्ध झाले, तर १९८८ मध्ये तशाच पेशींच्या द्रवातून रक्तवाहिनी आकुंचित करणारे एंडोथेलिन सापडले.

निष्कर्ष काढताना मात्र सावधगिरी हवी. या पेशी मर्यादित वेळाच विभागतात. पिढ्या उलटत गेल्या की त्यांचे मूळ गुणधर्म क्षीण होतात, म्हणून बहुतेक प्रयोग सुरुवातीच्या पिढ्यांवरच करतात. दात्यागणिक फरक पडतो, त्यामुळे अनेक नाळांमधील पेशी एकत्र करण्याची रीत आहे. सर्वांत मोठी उणीव प्रवाहाची. शरीरात या पेशींवरून रक्त अखंड वाहत असते, बशीत द्रव स्थिर असतो. १९८१ मध्ये गाईच्या महारोहिणीतील पेशींवर नियंत्रित प्रवाह सोडला, तेव्हा त्या लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेने वळल्या. स्थिर बशीतल्या निरीक्षणावरून धमनीकाठिण्याविषयी (रोहिण्यांच्या भिंती जाड व कडक होण्याच्या विकाराविषयी) थेट विधान करणे म्हणूनच धोक्याचे आहे. शिवाय धमनीकाठिण्य होते रोहिण्यांमध्ये, आणि या पेशी आहेत नवजात बाळाच्या शिरेतल्या. मेंदू, फुप्फुस आणि मूत्रपिंड यांतील अस्तरही एकमेकांपासून बरेच वेगळे असते. त्यामुळे प्रश्न ज्या अवयवाचा असेल, त्याच अवयवाच्या पेशी वापरण्याकडे आता संशोधकांचा कल वाढला आहे.