काळाचौकीची गिरणी: एक तृतीयांशाचा हिशेब आणि एक धोटा

वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयासाठी मुंबई महापालिकेने काळाचौकीची इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ निवडली. ही काही शहरातली पहिली गिरणी नाही. तो मान ताडदेवचा. कावसजी नानाभाई दावर यांनी तिथे १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये सूत निघू लागले. काळाचौकीची गिरणी महापालिकेच्या पदरात पडली ती जमिनीच्या वाटणीतून, आणि त्या वाटणीची गोष्ट गिरणीइतकीच सांगण्यासारखी आहे.

आधी नावाचे बघू. बगदादहून आलेल्या ससून घराण्याच्या मुंबईत बऱ्याच गिरण्या होत्या. १९४०च्या दशकात ससून मंडळी या धंद्यातून बाहेर पडली आणि गिरण्यांना इंडिया युनायटेड हे नाव लागले. परळची जेकब ससून मिल झाली क्रमांक १. काळाचौकीला २ आणि ३. सहा क्रमांक थेट दादरच्या समुद्राकाठी, चैत्यभूमीला लागून. एवढे लांबलचक इंग्रजी नाव रोज कोण घेणार? गिरणगावाने, म्हणजे गिरण्यांच्या त्या वस्तीने, त्याचे ‘इंदू मिल’ करून टाकले. पुढे आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा १९७४ मध्ये हे सगळे कुटुंब राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे गेले.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही. भोंगे एकेक करून थांबले आणि मालकांच्या लक्षात आले की कापडापेक्षा खालची जमीन महाग आहे. हे त्यांना संपाआधीच कळले होते, असे म्हणणारेही गिरणगावात कमी नाहीत.

खरी मेख पुढे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम वाचायला सरळ होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे करा: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, उरलेला मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने एनटीसीच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडाही दिला. सुट्या सुट्या गिरण्यांचे तुकडे पाडण्यापेक्षा जागा जोडून घ्या, मग परळ-लालबागला बागा आणि चौक मिळतील, असा त्यातला विचार होता. तो कागदावरच राहिला.

मग २००१ मध्ये नियम बदलला. तीन वाटे संपूर्ण जमिनीचे नव्हे, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे. गिरणी पाहिलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळते. आवारभर शेड, गोदामे, बॉयलर आणि कचेऱ्या, त्यात मोकळी जमीन ती किती? शेड पाडल्यावर निघालेली जागा मात्र मालकाची. शहरात सुमारे ६०० एकर गिरणीजमीन होती. जुन्या नियमाने जिथे शेकडो एकर लोकांना मिळाले असते, तिथे हिशेब काही डझन एकरांवर आला. पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्येच एनटीसीच्या ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, मुंबई टेक्सटाइल आणि कोहिनूर ३ या पाच गिरण्या विकल्या गेल्या होत्या. कामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत निघायला २०१२ उजाडले.

काळाचौकीची जागा या वाटणीतून उरलेली. एनटीसीला अनेक गिरण्यांचा हिशेब एकत्र मांडता आला, म्हणून महापालिकेचा वाटा सलग मिळाला. जुन्या शेड वारसा म्हणून राहिल्या.

त्या शेड नीट पाहण्यासारख्या असतात. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे, आणि प्रत्येक दात्याची काच उत्तरेकडे. ऊन थेट आत येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो आणि तुटलेला धागा चटकन दिसतो. उकाड्याची सोय मात्र कोणी पाहिली नाही. सूत तुटू नये म्हणून हवेत ओल लागे, त्यामुळे खिडक्या बंदच असत. आवारातले तळे शोभेचे नव्हे, इंजिनातल्या वाफेला थंड करणारे पाणी तिथून येई.

आणि साचा. गिरणगावात मागाला साचाच म्हणतात, तो चालवणारा साचेवाला. आडवे सूत मागातून इकडून तिकडे नेतो तो धोटा, आणि त्याच्या आत सूत गुंडाळलेली कांडी. कांडी संपली की धोटा बाहेर काढायचा, नवी कांडी बसवायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. तोच धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडाला लागे. क्षयरोगाच्या वस्तीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको. पण याच उष्ट्या धोट्याने आणखी एक दार बंद केले होते. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा नको म्हणून दलित कामगारांना साचाखात्यात घेत नसत. ते कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यात अडकून पडत. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बाब संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडली होती.

त्याच इंडिया युनायटेडच्या सहा नंबरच्या जागेवर आता बाबासाहेबांचे स्मारक. ते नियमाच्या वाटणीतून आलेले नाही. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते इंदू मिलमध्ये शिरले, पुढच्या वर्षी केंद्राने जमीन देण्याचे मान्य केले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये पायाभरणी झाली.

काळाचौकीच्या काचेच्या पेटीत धोटा ठेवला जाईल तेव्हा पाटीवर त्याची लांबी आणि साल असेलच. तोंडाने सूत ओढायची रीत आणि त्यापायी साचाखात्याबाहेर राहिलेली माणसे, हेही त्याच पाटीवर हवे. दोन ओळी पुरतील.