सैनिकाच्या सेवा-नोंदींतील दुरुस्ती

भारतीय सैन्यदलांतील जवान, जेसीओ (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) किंवा अधिकारी यांच्या सेवा-नोंदींत चुकलेली वा राहून गेलेली माहिती अर्ज करून बदलून घेण्याची प्रक्रिया. जन्मतारीख, स्वतःचे आणि घरच्यांचे नाव, लग्न, मुलांचे जन्म, वारस, गोपनीय अहवालातले (वरिष्ठांनी लिहिलेल्या कामाच्या मूल्यमापनातले) शेरे असे बरेच काही तिच्या कक्षेत येते, पण प्रत्येकाची वाट वेगळी आहे. बायकोच्या नावातले अक्षर सुधारायला कागद पुरतात. गोपनीय अहवालातला शेरा काढायला पुष्कळदा न्यायाधिकरण गाठावे लागते.

जवान आणि जेसीओ यांची मूळ कागदपत्रे त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावात, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पात, बॉम्बे सॅपर्सचे खडकीत आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे कामठीत आहे. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दजवळच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अधिकाऱ्यांचे दप्तर मात्र दिल्लीत लष्कराच्या मुख्यालयात राहते.

नोकरीत असताना दुरुस्ती सोपी असते. सुट्टीवर गेलेला जवान लग्न करून परतला की युनिटच्या क्लार्ककडे दाखला देतो, ‘पार्ट टू ऑर्डर’ (जवानाच्या माहितीतला बदल नोंदवणारा युनिटचा आदेश) निघते आणि तिच्या आधारे रेकॉर्ड ऑफिसात नोंद चढते. मूल झाले, पुन्हा पार्ट टू. निवृत्तीच्या वेळी मिळणारे डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, याच नोंदींवरून तयार होतात. पार्ट टू निघालीच नाही, तर मुलगा गावच्या शाळेत शिकत असला तरी लष्कराच्या लेखी तो जन्मलेलाच नसतो.

मराठी घरांत सर्वाधिक घोळ बायकांच्या नावांचा होतो, आणि त्यात त्यांचा दोष काहीच नसतो. माहेरचे नाव एक, लग्नात बदललेले दुसरे, त्यात मधले नाव नवऱ्याचे. भरतीच्या वेळी कुणी ‘सुमन’ लिहिले, आधारवर ‘सुमनबाई’ झाले आणि बँकेत आडनाव आधी आले. जवानाची आई असेल तर तिने प्रतिज्ञापत्र करायचे, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. मुलाचा सैनिक क्रमांक, पद आणि युनिट देऊन ‘सेवा-नोंदीतील अमुक व आधारवरील तमुक या दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे’ असे सांगणाऱ्या चार ओळींच्या जाहिराती पुण्या-कोल्हापुरात आजही छापून येतात. नावच बदलले असेल, तर राजपत्रातील प्रसिद्धीही मागितली जाऊ शकते.

निवृत्तीनंतर हेच काम लांबते. अर्ज, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा व जन्माचे दाखले, आधार, डिस्चार्ज बुकची प्रत आणि पती-पत्नीचा एकत्र फोटो अशी चळत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून साक्षांकित करून रेकॉर्ड ऑफिसला पाठवतात. तिथे नोंद झाली की ती पेन्शनच्या लेखा कार्यालयाकडे जाते. थलसेनेसाठी ते प्रयागराजला आहे. तेथून सुधारित पीपीओ निघतो. ‘स्पर्श’ ही पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था आल्यापासून काही टप्पे घरबसल्या होतात, पण स्पर्शवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर गाडी तिथेच अडते. माजी सैनिक वारल्यावर विधवेला हे सारे एकटीने निस्तरावे लागते. तिला नवऱ्याचा सैनिक क्रमांक पाठ असेल तर निम्मे काम हलके होते, कारण प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच असतो.

जन्मतारखेच्या बाबतीत नियम कडक आहे. भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख अंतिम धरली जाते आणि हरकत घ्यायची ती सुरुवातीच्या वर्षांतच. याचे गाजलेले उदाहरण खुद्द एका लष्करप्रमुखांचे आहे. जनरल विजय कुमार सिंग यांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर 10 मे 1951 ही तारीख होती, तर खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) प्रवेशासाठी भरलेल्या यूपीएससीच्या अर्जावर 10 मे 1950. मिलिटरी सेक्रेटरीच्या, म्हणजे बढत्या-नेमणुका पाहणाऱ्या, शाखेने 1950 धरले, अ‍ॅडज्युटंट जनरलच्या, म्हणजे सेवा-नोंदी ठेवणाऱ्या, शाखेने 1951. एकाच मुख्यालयात एकाच माणसाची दोन वये वर्षानुवर्षे सुखाने नांदली. वरच्या पदांवरील बढत्यांच्या वेळी त्यांनी 1950 हे वर्ष लेखी मान्य केले होते, आणि सरकारने नेमके त्यावरच बोट ठेवले. त्यांची वैधानिक तक्रार डिसेंबर 2011 मध्ये फेटाळली गेली. जानेवारी 2012 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. पदावरील लष्करप्रमुखाने सरकारला असे कोर्टात खेचल्याचे उदाहरण त्याआधी नव्हते. न्या. आर. एम. लोढा आणि न्या. एच. एल. गोखले यांच्या खंडपीठाचा कल पाहून 10 फेब्रुवारीला त्यांनी याचिका मागे घेतली आणि 31 मे 2012 रोजी, म्हणजे 1950 च्या हिशेबाने 62 वर्षे पूर्ण झाल्यावर, ते निवृत्त झाले. खरा जन्म कधीचा, हे ठरवायला न्यायालय बसलेच नव्हते. नोंदीत कोणती तारीख मानायची, एवढाच वाद होता.

गोपनीय अहवालातील शेऱ्यांविरुद्ध आधी वरिष्ठांकडे दाद मागायची असते. 1950 च्या लष्कर कायद्यात जवानांसाठी कलम 26 आणि अधिकाऱ्यांसाठी कलम 27 अशी तक्रारीची तरतूद आहे. ही वाट संपल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. 2007 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे महाराष्ट्र व गोव्यासाठीचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो; तक्रारीवर सहा महिने उत्तरच आले नाही तरी दार उघडते.

पेन्शनच्या दाव्यांत उशिराबद्दल न्यायालये थोडी सैल असतात, कारण पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते आणि तक्रारीचे कारण दर महिन्याला नव्याने उभे राहते. मात्र तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये घालून दिलेल्या दंडकानुसार अशा उशिरा आलेल्या अर्जदाराला मागची थकबाकी सहसा तीन वर्षांपुरतीच मिळते. पेन्शन न मिळालेल्या सैनिकांची अडचण याहून मोठी आहे: त्यांची कागदपत्रे 25 वर्षांनंतर नष्ट करण्याची लष्करी नियमांतच तरतूद आहे. तेव्हा त्यांच्या वारसांच्या अर्जाला रेकॉर्ड ऑफिसकडून ‘दप्तर उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर येऊ शकते.